‘नऊ’ म्हणणारा मुलगा आणि ‘काही नाही’ म्हणणाऱ्या आजी

पत्र थोडक्यात: सर्जिकल वॉर्डात नुकत्याच रुजू झालेल्या एका परिचारिकेचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. त्यांच्या वॉर्डात दोन पेशंट शेजारी-शेजारी होते. एक पंचविशीतला मुलगा, नडगीचं हाड मोडल्याने आत रॉड घातलेला. त्याला दर आठ तासांनी इंजेक्शन लिहिलं होतं, पण सहावा तास भरत आला की तो बेल वाजवायचा. “दहापैकी किती दुखतंय?” विचारलं की “नऊ” म्हणायचा, आणि पाच मिनिटांनी मोबाइलवर व्हिडिओ बघत हसायचा. पलीकडच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेल्या आजी होत्या. त्यांना काहीही विचारलं तरी उत्तर एकच: “काही नाही गं बाळा, ठीक आहे.” तिसऱ्या दिवशी आजींना ताप आला. खोकून कफ काढला नाही म्हणून छाती भरली, असं डॉक्टर म्हणाले. त्याच रात्री एका सीनियर सिस्टरनी “नाटकं आहेत त्याची, आता गंमत बघ” म्हणत त्या मुलाला इंजेक्शन म्हणून नुसतं डिस्टिल्ड वॉटर दिलं. तो झोपला. “पाहिलंस? काही दुखत नव्हतं त्याला.” पत्रलेखिका विचारतात: “खरं दुखणं आणि नाटक यांतला फरक कसा ओळखायचा? मागेल त्याला देत गेले तर एखाद्याला सवय लावल्याचं पाप माझ्या माथी येईल का? आणि मला हे जमतच नसेल तर वॉर्ड बदलून मागू का?”

नमस्कार,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून तेच आधी देते. खरं दुखणं आणि नाटक यांतला फरक खात्रीने ओळखता येत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, उभी हयात वॉर्डात घालवलेल्या सिस्टरना नाही आणि सर्जननाही नाही. तापाला थर्मामीटर आहे, ऑक्सिजनसाठी बोटाला लावायचं यंत्र आहे. दुखणं मोजणारं असं काही नाही. नाडी आणि बीपी वाढतात म्हणावं, तर ती भीतीनेही वाढतात आणि तापानेही. शिवाय दुखणं तसंच राहिलं तरी शरीर जुळवून घेतं आणि आकडे पुन्हा जागेवर येतात. चेहऱ्यावर जावं, तर कितीतरी जणांचा चेहरा मुळातच काही बोलत नाही. झोप लागली म्हणजे दुखत नाही असंही नाही. दोन रात्री जागलेला माणूस दुखत असतानाही डोळे मिटतो.

मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेने 1968 मध्ये म्हणूनच सरळ सांगून टाकलं की पेशंट जे दुखणं सांगतो तेच दुखणं, आणि तो सांगतो तेव्हा ते असतं. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये आपली व्याख्या सुधारली. तेव्हा तिला जोडलेल्या टिपांमध्येही हेच आलं: माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान ठेवा, आणि बोलता येत नाही म्हणजे दुखत नाही असं धरू नका.

हे तुम्ही परीक्षेत लिहूनही आला असाल. मग वॉर्डात गाडं अडतं कुठे? मला वाटतं, आपण दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून ठेवलेली असते. ‘त्याचं म्हणणं मानलं’ म्हणजे ‘त्याला इंजेक्शन द्यावं लागलं’, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. इंजेक्शन द्यायचं नसलं किंवा देता येत नसलं, की मग त्याचं म्हणणं खोटं ठरवावं लागतं, नाहीतर आपल्यालाच अपराधी वाटतं. तुमच्या पत्रातली सगळी ओढाताण या गाठीतून आली आहे. ती सोडवा. दुखतंय हे मानायला काही लागत नाही, डॉक्टरांची सहीसुद्धा नाही. त्यावर काय करायचं हा वेगळा निर्णय आहे. औषध, किती, कोणतं, आत्ता की डॉक्टरांना विचारून, की आधी पट्टी सैल करून बघायची, हे सगळं त्यात येतं. “तुला दुखतंय ते मला कळलं. आत्ता लगेच दुसरं इंजेक्शन देता येणार नाही, त्याचं कारण असं, आणि तोवर मी हे करते,” हे वाक्य पूर्ण प्रामाणिक आहे. यात कुणी कुणाला खोटं पाडलेलं नाही.

आता त्या मुलाकडे येऊ. तुमच्या पत्रात त्याच्याविरुद्ध दोन पुरावे आहेत: तो वेळेआधी मागतो आणि तो हसतो.

वेळेआधी मागण्याचा आधी हिशोब करू. औषधाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पण ऑपरेशननंतर सर्रास दिल्या जाणाऱ्या ट्रॅमाडॉलसारख्या औषधाचा असर साधारण चार ते सहा तास टिकतो. शिरेतून दिलेल्या मॉर्फिनचा त्याहून कमी. ऑर्डर आठ तासांची असेल, तर मधले दोन-तीन तास त्याच्या अंगात फारसं काही शिल्लक नसतं. सहाव्या तासाला बेल वाजवणारा पेशंट लबाड असेलच असं नाही. औषधाची वेळ चुकली आहे हे तो तुम्हाला घड्याळ लावून सांगत असेल. केसपेपरवर ‘एसओएस’, म्हणजे गरज पडली तरच, असं लिहून सोडलेलं असतं तेव्हा तर आणखीच पंचाईत. पेशंटने मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितलं की तो ‘मागणारा’ ठरतो.

हसण्याचं म्हणाल, तर व्हिडिओ हे दुखण्यावरचं औषधच आहे. लक्ष दुसरीकडे वेधलं की दुखणं कमी जाणवतं. लहान मुलाला सुई टोचताना आपणच खुळखुळा वाजवतो. तोच उपाय मोठ्या माणसाने स्वतःवर केला तर आपण त्याला नाटकी म्हणतो, हे काही मला पटत नाही. पत्रात मी शोधत होते ते वेगळंच: तो पाय हलवताना कसा दिसत होता? गादीवर वर सरकताना? बेडपॅन देताना? ‘नऊ’ नेमकं कशाचं, पडून असतानाचं की फिजिओथेरपिस्टने गुडघा वाकवायला लावला तेव्हाचं? हे तुम्ही विचारलं असेल तर लिहिलेलं नाही. आकडा एकटा विचारला की त्यातून भांडणच निघतं. ‘पडून असताना किती, हलताना किती’ असे दोन आकडे घेतले की त्यातून काम निघतं. पडून तीन आणि हलताना नऊ असणारा माणूस मोबाइल बघून मजेत हसू शकतो, आणि तरीही त्याचं नऊ खरं असतं.

आणखी एक गोष्ट, ही मात्र मनावर कोरून ठेवा. नडगी मोडलेला तरुण मुलगा अपेक्षेपेक्षा जास्त दुखतंय म्हणतो, तेव्हा ‘नाटक’ हा शब्द मनात येण्याआधी त्याची पोटरी हाताने दाबून बघा. पायातले स्नायू पक्क्या वेष्टनाच्या बंद कप्प्यांत असतात. आत सूज वाढली तर दाब चढतो, रक्त पोहोचत नाही आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. त्याची सगळ्यात लवकर दिसणारी खूण बहुधा दुखणं हीच असते. ते औषधाला दाद देत नाही, जखमेच्या मानाने फार असतं आणि पायाची बोटं तुम्ही हळूच ताणलीत की एकदम उसळतं. पोटरी लाकडासारखी ताठ लागते. पावलाची नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, नाडी जाणं ही फार उशिराची खूण आहे. पाय हृदयाच्या पातळीला ठेवायचा, उशांवर उंच चढवायचा नाही, घट्ट बँडेज किंवा प्लास्टर असेल तर लगेच कळवायचं, आणि डॉक्टर फोनवर ‘बघू सकाळी’ म्हणाले तर पुन्हा फोन करायचा. तुमच्या पेशंटला हे झालं नव्हतं असं पत्रावरून दिसतं. पण ज्याला आपण आधीच नाटकी ठरवलेलं असतं, त्याची पोटरी कोणी तपासत नाही. धोका तिथे आहे.

इतकं मोठं काही नसलं तरी छोटी कारणं आधी शोधायची सवय ठेवा. कॅथेटर अडकून लघवी तुंबली आहे का, सलाईनची जागा सुजली आहे का, जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, ओढला जातोय का. अशा दुखण्याला इंजेक्शन लागत नाही, नळी सरळ करावी लागते.

डिस्टिल्ड वॉटरबद्दल मी आडपडदा ठेवणार नाही. ते चुकलं, आणि त्यातून काढलेला निष्कर्षही चुकला. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अक्कलदाढ काढलेल्या पेशंटना औषध म्हणून दिलेल्या निरुपद्रवी द्रावाने आराम पडला होता, आणि मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन दिल्यावर तो आराम कमी झाला. म्हणजे ‘आता औषध मिळालं’ या भरवशावर शरीर स्वतःची मॉर्फिनसारखी द्रव्यं सोडतं. दाढ काढलेल्यांचं दुखणं तर कुणी खोटं म्हणणार नाही. तेव्हा पाण्याने बरं वाटलं यावरून इतकंच ठरतं की त्या मुलाचा सिस्टरवर विश्वास होता. तो खोटं बोलत होता हे त्यातून सिद्ध होत नाही. दुसरं म्हणजे चार्टवर काय लिहिलं गेलं? इंजेक्शन दिलं असं लिहिलं असेल तर ती खोटी नोंद आहे. सकाळच्या डॉक्टरांनी ती वाचून ‘या डोसला चांगला आराम आहे’ असं धरलं, तर पुढचा निर्णयही खोट्या पायावर उभा राहतो. पेशंटला फसवून प्लासिबो, म्हणजे औषधाच्या नावाखाली असं निरुपद्रवी काहीतरी, देणं नर्सिंगच्या नीतीत कुठेही बसत नाही.

आजींचं कोडं मला मुलापेक्षा अवघड वाटतं, कारण तिथे कुणाचाच आवाज चढलेला नसतो.

आधी मनावरचं ओझं थोडं कमी करा. वयस्कर माणसाची पोटाच्या ऑपरेशननंतर छाती भरायला बरीच कारणं असतात. भूल, पडून राहणं, आधीपासूनचे अशक्त फुप्फुस. पण दुखणं त्यातलं एक कारण आहे, आणि ते आपल्या हातातलं आहे. टाके ओढतात म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कूस बदलत नाही. कफ साचतो आणि पायातल्या शिरांमध्ये रक्त गोठण्याचा धोकाही वाढतो.

अशा पेशंटना ‘दुखतंय का?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. ‘नाही’ हे उत्तर त्यांच्या ओठावर तयार असतं. पोरीला कशाला त्रास द्यायचा, ऑपरेशन म्हटल्यावर दुखायचंच, जास्त बोललं तर घरी सोडायला उशीर करतील, इंजेक्शनने गुंगी येईल, पोट साफ होणार नाही. कारणं अनेक असतात आणि बहुतेक शहाणपणाचीच असतात. प्रश्न बदला. “आजी, जरा खोकून दाखवता?” असं म्हणा आणि उत्तर ऐकू नका, हात कुठे जातो ते बघा. खोकण्याआधीच तळहात पोटावर घट्ट बसतो, खांदे वर येतात, आणि घशातल्या घशात ‘खुक’ असा आवाज काढून त्या म्हणतात, “झालं.” बोलताना दोन-दोन शब्दांवर श्वास तुटतो. चादरीला सुरकुतीसुद्धा नसते, कारण सकाळपासून अंग हललेलंच नसतं. भरलेलं ताट तसंच परत जातं. दुखत नाही म्हणणाऱ्या पुष्कळ आजी-आजोबा ‘अवघडल्यासारखं होतं’, ‘ओढ बसते’, ‘जड वाटतं’, ‘जरा कळ येते’ असं सहज कबूल करतात. ज्या शब्दाला त्या हो म्हणतील तोच चार्टवर लिहा आणि पुढच्या वेळी तोच विचारा. आकडा जमत नसेल तर ‘थोडं, मध्यम, खूप’ यावर भागतं.

एक युक्ती सांगते, ती बहुतेक वेळा लागू पडते. औषध दुखण्यासाठी म्हणून देऊ नका, खोकण्यासाठी म्हणून द्या. “आजी, हे घेतलंत की अर्ध्या-पाऊण तासाने आपण उशी पोटाशी धरून तीनदा खोकायचं आणि खुर्चीत बसायचं.” दुखणं सहन करण्यात ज्यांना मोठेपणा वाटतो, त्यांना बरं होण्यासाठी औषध घेण्यात कमीपणा वाटत नाही. उशीने पोटाला आधार देणं, गुडघ्याखाली घडी ठेवणं, ड्रेसिंग किंवा फिजिओथेरपीच्या आधी डोस बसेल अशी वेळ धरणं, या गोष्टींना ऑर्डर लागत नाही. पॅरासिटामॉल मागेल तेव्हा देण्यापेक्षा ठरावीक वेळेला नियमित चालू ठेवलं तर कितीतरी जणांना मोठ्या इंजेक्शनची गरज कमी पडते. प्रौढांसाठी चोवीस तासांत चार ग्रॅमची मर्यादा असते. वजन कमी असेल किंवा लिव्हर बिघडलेलं असेल तर त्याहून कमी, म्हणून हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखणं कमी करणाऱ्या गोळ्यांना किडनीची आणि पोटातल्या रक्तस्रावाची भीती असते. म्हाताऱ्या माणसांत ती जास्त असते.

दुखण्याचा आकडा कशासाठी घ्यायचा, यावरही थोडं बोलायला हवं, कारण त्याचा अतिरेक करून जग एकदा पोळलं आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत नाडी, श्वास, ताप आणि बीपीच्या पंगतीत दुखण्याला पाचवं स्थान द्या, अशी मोहीम निघाली. हेतू चांगला होता, दुखण्याकडे दुर्लक्ष होतच होतं. पण मग आकडा खाली आणणं हेच ध्येय झालं, आठ आला की अमुक डोस असा हिशोब सुरू झाला. औषध कंपन्यांनी आपली पोळी भाजून घेतली, आणि अफूवर्गीय औषधांचं जे संकट पुढे उभं राहिलं त्याच्या अनेक कारणांत हेही एक गणलं जातं. 2016 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘पाचवं लक्षण’ ही कल्पना सोडून द्यावी असं ठरवलं. तेव्हा आकड्यावर डोस ठरवू नका. त्याचं नऊ आणि त्याच्या शेजाऱ्याचं नऊ यांची तुलनाही करू नका. एकाच माणसाचा औषधाआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, एवढीच तुलना कामाची. दहापैकी दोनने उतरला तरी पेशंटला फरक जाणवतो असं समजायचं. आणि त्याच्याकडूनच ठरवून घ्या: “किती झालं तर तुला पाय वाकवता येईल?” तो ‘चार’ म्हणाला तर चार हे आपलं ध्येय. शून्याचं वचन कुणाला देऊ नका.

माझ्या मते आपल्या कामात सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट हीच, परत जाऊन विचारणं. शिरेतून दिलं तर पंधरा ते तीस मिनिटांनी, गोळी दिली तर तासाभराने. डोस देणं चार्टवर येतं, पण पुढे काय झालं ते कोरंच राहतं. खाटा खूप आणि हात दोन, हे मला माहीत आहे. म्हणून वेगळी फेरी मारू नका. शेजारच्या पेशंटचं सलाईन बदलायला जाल तेव्हाच विचारा आणि लिहा.

परत जाण्याचं दुसरं कारण सुरक्षिततेचं आहे, आणि तिथे तुमची भीती योग्य जागी पोहोचते. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी आधी गुंगी वाढते, श्वास नंतर मंदावतो. म्हणून पेशंटला हात लावण्याआधी, तो आहे तसा असताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मग हाक मारा. नीट जागा आहे, किंवा पेंगतोय पण हाकेला चटकन ओ देतो, इथपर्यंत ठीक. बोलता-बोलता वाक्य अर्धवट सोडून झोपतोय, तर तो ‘नऊ’ म्हणाला तरी पुढचा डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना बोलवायचं आणि नजर ठेवायची. हलवूनही जेमतेम प्रतिसाद देतो किंवा श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेले, तर ती इमर्जन्सी. औषध थांबवा, मदतीला हाक मारा, ऑक्सिजन लावा, नॅलॉक्सोन हाताशी आणा. इंजेक्शननंतर नव्यानेच मोठ्याने घोरू लागलेल्याला ‘छान झोप लागली’ म्हणून सोडून देऊ नका, तो श्वास अडकल्याचा आवाज असू शकतो. ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरचं यंत्र बराच वेळ चांगला आकडा दाखवत राहतं. झोपेची गोळी सोबत चालू असलेले, झोपेत श्वास थांबण्याचा आजार असलेले, किडनीचे पेशंट आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत डोळ्यात तेल घालून बघा. जिथे पेशंटने स्वतः बटण दाबून डोस घ्यायचा पंप असतो, तिथे बटण फक्त त्यानेच दाबायचं. गुंगी आली की त्याचं दाबणं आपोआप थांबतं, हीच त्या यंत्राची सुरक्षा. मायेपोटी नातेवाईक दाबत बसले की ती सुरक्षा संपते, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजावा.

सवयीचं पाप. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. काही दिवसांनी त्याच डोसचा असर कमी होतो, हे शरीराचं अंगवळणी पडणं. औषध एकदम बंद केलं तर घाम, अस्वस्थता, जुलाब होतात, हे शरीराचं अवलंबून राहणं. म्हणून ते हळूहळू उतरवतात. आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही हव्यासाने घेत राहणं, हे व्यसन. पहिल्या दोन गोष्टी बराच काळ औषध घेणाऱ्या कुणालाही होऊ शकतात, तिसरी वेगळी आहे. ऑपरेशननंतरचे थोडे दिवस, मोजून दिलेल्या औषधाने ती लागण्याचा धोका कमी असतो. खरी काळजी घ्यायची ती घरी सोडताना: किती गोळ्या, किती दिवस, उरलेल्यांचं काय करायचं. एखाद्याला आधीपासून व्यसन असेल, तर त्यालाही मोडलेल्या हाडाचं दुखणं होतंच, आणि साध्या डोसने त्याचं भागत नाही. त्याला कमी द्यायचं नसतं, डॉक्टरांना आधी सांगून आखणी करून द्यायचं असतं. बाकी या औषधांनी बद्धकोष्ठता मात्र हमखास होते आणि ती अंगवळणी पडत नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लिहून घ्या.

बोलू न शकणाऱ्या पेशंटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण हे सदर घरी कुणाची शुश्रूषा करणारेही वाचतात, म्हणून थोडक्यात. तान्ह्या आणि लहान मुलांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत करता येणं या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात. तीन वर्षांपुढच्या मुलाला हसऱ्या ते रडव्या चेहऱ्यांची पट्टी दाखवता येते. स्मृतिभ्रंश खूप वाढलेल्या माणसात श्वासाचा आवाज, कण्हणं, कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी आणि समजूत घातल्यावर शांत होणं पाहतात. एरवी शांत असणाऱ्या आजोबांनी अंघोळीच्या वेळी अचानक हात उगारला, तर स्वभाव बिघडला म्हणण्याआधी खांदा दुखतोय का ते बघा. घरच्या माणसाला ‘हे नेहमीचे असे नाहीत’ एवढं जरी वाटलं तरी ते डॉक्टरांना सांगण्याजोगं असतं.

आता सीनियर सिस्टर. त्यांच्याशी तत्त्वाचं भांडण काढू नका. इतक्या वर्षांत त्यांना कुणीतरी खरंच फसवलं असेल, आणि दमलेल्या माणसाला संशय सोपा पडतो. मात्र पुन्हा पाण्याचं इंजेक्शन भरलेलं दिसलं तर तिथल्या तिथे, पेशंटसमोर नाही, पण स्पष्ट म्हणा: “सिस्टर, हे मी चार्टवर लिहू शकणार नाही.” त्यापुढेही झालं तर ते इन्चार्ज सिस्टरपर्यंत गेलं पाहिजे. यात चुगली नाही, पेशंटच्या औषधाचा प्रश्न आहे. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे पेशंट सोपवताना, ‘जरा नाटकी आहे’, ‘इंजेक्शन-इंजेक्शन करतो’ असले शेरे तुम्ही स्वतः देऊ नका. असा शेरा तीन शिफ्ट फिरतो आणि डिस्चार्जपर्यंत पेशंटला चिकटून राहतो.

डॉक्टरांना फोन करताना ‘सर, तो खूप ओरडतोय’ म्हटलं तर उत्तर ‘द्या काहीतरी’ असंच येणार. त्याऐवजी असं सांगून बघा: “सर, नडगीत रॉड घातलेला मुलगा, दुसरा दिवस. पडून पाच, पाय उचलताना नऊ. इंजेक्शनने तीनवर येतो, पण साडेपाच तासांत परत वाढतं. पुढचा डोस अजून अडीच तासांनी आहे. पोटरी मऊ आहे, बोटं ताणली तरी दुखणं वाढत नाही. पूर्ण जागा आहे, श्वास सोळा. पॅरासिटामॉल नियमित चालू नाही. मधल्या वेळेला काय देऊ?” यावर ‘नाटक करतोय’ म्हणणं कुठल्याही डॉक्टरला जड जाईल.

वॉर्ड बदलून मागायचा असेल तर जरूर मागा, पण या कारणासाठी नको. मेडिकलला जा, आयसीयूत जा, मुलांच्या वॉर्डात जा, दुखणं सगळीकडे आहे आणि हा प्रश्नही. तुमच्याकडे भूलतज्ज्ञांची पेन राउंड, म्हणजे पेशंटचं दुखणं बघायची फेरी, होत असेल तर त्यांच्याबरोबर काही दिवस फिरायची परवानगी मागा, ते वॉर्ड बदलण्यापेक्षा उपयोगी पडेल. आणि इन्चार्ज सिस्टरना अर्ज करायचाच असेल तर असा करा: ताप, नाडी आणि श्वास लिहितात त्या टीपीआर चार्टवर दोन रकाने वाढवून द्यावेत, ‘हलताना किती’ आणि ‘औषधानंतर किती’. नवे चार्ट छापून येईपर्यंत पट्टीने रेघा मारून घेतल्या तरी चालतं.